वासाचं विचारा: लिंबाचा सेंट, मे महिना आणि ‘टिकत नाही’ची तक्रार

प्रश्न: दादा, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने डिओरचं ओ सोवाज दिलं, जुनं वालं, लिंबाच्या वासाचं. आजकाल पोरं लावतात ते नुसतं सोवाज नाही. मारलं की पहिले दहा मिनिटं एक नंबर, पण गाडीने बर्डीपर्यंत पोचलो की काहीच नाही. ऑफिसातला मित्र म्हणून राहिला की डुप्लिकेट आहे, परत कर. काय करू? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

भाऊ, आधी बायकोला काही बोलू नका. मित्राला नंतर पाहू.

आत्ता घरात संत्रं असेल तर सालीचा एक तुकडा घ्या आणि पेटत्या मेणबत्तीजवळ धरून चिमटीत दाबा, जरा लांबूनच आणि पोरांना बाजूला ठेवून. तडतड ठिणग्या उडतात, खोलीभर वास होतो, आणि थोड्या वेळाने विचाराल तर काहीच उरलेलं नसतं. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (हे इटलीतल्या कॅलाब्रियाकडचं लिंबूवर्गीय फळ, आपल्याकडे होत नाही) या सगळ्यांच्या सालीतलं तेल असंच हलकं, भराभर उडणारं. त्यात आपला नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, हवा कोरडी ठाक, आणि तुम्ही गाडीवर तोंडावर वारा घेत चाललेले. लिंबू उडणारच, ते खऱ्या बाटलीतूनही उडतं.

पण हा सेंट फक्त लिंबाचा नाहीच ना. १९६६ मध्ये एदमों रुदनित्स्का नावाच्या परफ्युमरने तो बनवला आणि त्यातली खरी करामत लिंबाच्या खाली आहे. रोजमेरी, बेसिल, लॅव्हेंडर असा झाडपाल्याचा थर, आणि त्यात हेडिओन नावाचं तेव्हा नवंच असलेलं रसायन, जाईच्या वासाच्या कुळातलं पण फुलासारखं गोडमिट्ट नाही, ओल्या हवेसारखं मोकळं. तळाला ओकच्या झाडावर वाढणारं ओकमॉस आणि आपला वाळा. कूलरला खसच्या ताट्या लावलेल्या घरात जो वाढला त्याला हा शेवटचा भाग ओळखीचा वाटायला पाहिजे, पण तो ओरडत नाही, कॉलरपाशी बसून राहतो, आणि आपण नेमके तोच हुंगत नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांतल्या लिंबावर खुश होऊन आपण निकाल देऊन मोकळे.

म्हणून माझं सरळ मत सांगतो, असल्या कोलोनला (लिंबाच्या हलक्या सेंटला) ‘किती तास टिकतं’ या एकाच मापाने मोजणं चुकीचं आहे. लिंबू गेल्यावर मागे काय उरतं ते बघा. फालतू मालात लिंबू गेलं की एकतर काहीच राहत नाही नाहीतर साबणासारखा गोडसर चिकट वास राहतो. चांगल्यात अर्ध्या तासाने झाडपाला वर येतो आणि तो पहिल्या वासापेक्षा जास्त मजेशीर असतो. दुसरं म्हणजे आपलं नाक स्वतःच्या वासाला लवकर सरावतं, त्यामुळे ‘मला येत नाही’ म्हणजे ‘कोणालाच येत नाही’ असं नसतं बावा. सुती रुमालावर दोन फवारे मारा, रुमाल खोलीत ठेवून बाहेर जा, तास-दीड तासाने परत या आणि हुंगा. किंवा ज्यांनी दिलं त्यांनाच विचारा.

डुप्लिकेटची शंका तरीही जात नसेल तर खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाखालचा बॅच नंबर जुळतो का बघा आणि बिल कुठल्या दुकानाचं आहे ते बघा. शोरूममधून पक्क्या बिलावर घेतलं असेल तर निवांत राहा, अर्ध्या किमतीत कुठून मिळालं असेल तर मित्र बरोबर असू शकतो.

लावायचं कसं, तर आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा (कोरड्या कातडीवर काहीच थांबत नाही), मग छातीवर आणि मानेमागे, शर्ट घालायच्या आधी. चार-पाच फवारे बिनधास्त मारा, हा सेंट शेजाऱ्याचं डोकं उठवत नाही. एक छोटी रिकामी स्प्रे बाटली भरून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि जेवणानंतर परत मारा. गाडीच्या डिक्कीत मात्र ठेवू नका, उन्हात आधी लिंबूच खराब होतं.

प्रश्न: बाबांच्या कपाटात ४७११ नावाच्या कोलोनची बरीच जुनी बाटली आहे, अजूनही सणाला रुमालावर शिंपडतात. आता त्याला वार्निशसारखा वास येतो. वापरू द्यावं का? त्यांना दुसरं काही चांगलं घ्यायचा विचार आहे. (वाचक, महाल)

ताई, वार्निशचा वास म्हणजे लिंबाच्या तेलाचं हवेने बिघडणं. कागदावर टाकून पाच मिनिटं थांबा. वार्निश उडून खालचा वास ठीक असेल तर रुमालावर चालेल, अंगावर नको. जुन्या बाटलीतल्या बर्गमॉटच्या तेलात कधीकधी असा घटक असतो की ऊन लागलं की कातडीवर तपकिरी डाग पडतात, मानेवर जास्त. आता चांगल्या कंपन्या तो घटक काढून टाकतात किंवा अगदी कमी ठेवतात, पण आपल्या उन्हात जुन्या मालाची परीक्षा कशाला.

आणि दुसरं ‘चांगलं’ म्हणजे काय हो? कोलोन हा प्रकारच जर्मनीतल्या कोलोन शहरातला, फरिना नावाची कंपनी तिथे १७०९ पासून आणि हे ४७११ वाले त्यांचा धंदा १७९२ चा सांगतात, नाव पडलं ते त्यांच्या घराच्या नंबरवरून. यात अत्तराचा अंश कमीच, साधारण दोन ते पाच टक्के, म्हणून ते शिंपडायचंच असतं, थेंब मोजून लावायचं नसतं. बाबा बरोबर वापरून राहिले. त्यांना तीच नवी बाटली आणून द्या, तुमच्या आवडीचं काही देऊ नका, कपाटात पडून राहील.

प्रश्न: मॉलमध्ये पट्ट्यांवर सात-आठ सेंट हुंगले, शेवटी सगळे सारखेच वाटायला लागले. (वाचक, धरमपेठ)

वाटणारच. एका वेळी दोन, तेही मनगटांवर, एक इकडे एक तिकडे, आणि लगेच दुकानाबाहेर निघा. सेल्समन ‘सर अजून एक’ म्हणेल, त्याला हसून नाही म्हणा. घरी जाऊन संध्याकाळपर्यंत मनगट हुंगत राहा, पसंत पडलं तर दुसऱ्या दिवशी पैसे द्या. आणि तर्री पोहे किंवा सावजी खाऊन तर जाऊच नका, बोटांचा वास मनगटापर्यंत येतो.

प्रश्न: माझ्या कोलोनला तुळशीचा वास येतो असं आई म्हणते, पूजेला बसल्यासारखं वाटतं म्हणे. (वाचक, प्रतापनगर)

आईचं नाक चांगलं आहे. ते बेसिल, म्हणजे ज्याचं बी आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो त्या सब्जाचं झाड, तुळशीचं जवळचं नातेवाईक.

प्रश्न: डिसेंबरात भावाचं रिसेप्शन आहे, वर्धा रोडच्या लॉनवर, रात्रीचं. लिंबाचं कोलोन चालेल का? (वाचक, मनीषनगर)

थंडीत, उघड्यावर, बिर्याणीच्या वासात? दबून जाईल. लिंबूच हवं असेल तर ओ सोवाजचंच २०१२ मध्ये आलेलं पार्फम बघा, नाव तेच असलं तरी वासाला बरंच वेगळं, बर्गमॉटखाली वाळा आणि बोळ (एक सुगंधी डिंक), थंडीत छान उठतं. नाहीतर खसचं अत्तर कानामागे लावा, खर्चही कमी. फक्त सिल्कच्या कुर्त्यावर काहीही मारू नका, डाग जात नाही. आधी अंगाला लावा, सुकू द्या, मग कुर्ता घाला.