ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

प्रिय दोस्त,

अनेक आशीर्वाद.

फोनमधली ॲप्स लपवायला कोणतं लॉक चांगलं, असं तू विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे: त्यासाठी वेगळं ॲप घेऊ नकोस. फुकटातली बरीच लॉकर ॲप्स चालू होण्याआधी स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची परवानगी मागतात. म्हणजे घरच्यांपासून लपवायचं ते अनोळखी कंपनीला दाखवायचं. आणि तुझी खरी अडचण लॉकच्या बरीच अलीकडे आहे.

एक कागद घे. त्यावर गूगल, बँक, आधार, इन्स्टाग्राम, कॉलेजचं पोर्टल, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी तुझी सगळी खाती एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे ओटीपी कोणत्या नंबरवर येतो ते टाक. दहावीच्या सुमारास फॉर्म भरताना सगळीकडे बाबांचा नंबर गेलेला असतो. तेव्हा ते बरोबरच होतं. आता तुझी अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत आणि नंबर मात्र तेच राहिलेत. पासवर्ड कितीही अवघड ठेव, ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं की ओटीपी ज्याच्या हातात त्याच्या हातात खातं. म्हणून आधी नंबर, मग बाकीचं.

तू वापरतोय तो नंबर बाबांच्या नावावर असेल, तर कागदोपत्री त्या नंबरचे मालक तेच. त्याचं दुसरं सिम काढायचा अधिकारही त्यांचाच. नंबर तोच ठेवून नाव बदलता येतं. कंपनीच्या अधिकृत दुकानात दोघांनी आपापली ओळखपत्रं घेऊन जायचं, तुझं केवायसी नव्यानं होतं. या व्यवहारात नवं सिम मिळालं, तर ते चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद राहू शकतात. सिमच्या आडून होणारी फसवणूक रोखायला हा नियम आहे. त्यामुळे परीक्षेचा फॉर्म किंवा फी भरायच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नकोस. नंतर ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर तुझ्या नावावरची जोडणी बघता येते, तिथे तो नंबर आला की काम झालं. बाबांना हे पटत नसेल, तर स्वतःच्या आधारवर नवं प्रीपेड सिम घे. पण ते चालू ठेव. महिनोन्महिने रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो आणि तुझे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात.

आधारला जोडलेला नंबर बदलायला आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन काम होतं. शुल्क 75 रुपये. कागदपत्र लागत नाही, बाबांनी यायची गरज नाही आणि त्यांच्या स्वतःच्या आधारला काही होत नाही. डिजिलॉकर आणि पुढचे बरेच दरवाजे याच नंबरवर उघडतात, म्हणून कंटाळा करू नकोस.

आता गूगल. इथे क्रम चुकला तर स्वतःच्याच खात्याबाहेर राहशील, म्हणून सावकाश वाच. आधी खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन रिकव्हरीसाठी, म्हणजे हातचं गेलेलं खातं परत मिळवण्यासाठी, तुझा नवा नंबर घाल आणि त्यावर कोड येतो ना हे पाहा. मग बाबांचा नंबर आणि ईमेल काढ. त्यानंतर ‘तुमची डिव्हाइस’ ही यादी उघडून ओळखीची नसलेली आणि घरातली जुनी यंत्रं साइन आउट कर. सगळ्यात शेवटी पासवर्ड बदल आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर. तिथेच दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून तुझ्या पाकिटात ठेव, फोनच्या गॅलरीत नको. एक गोष्ट मात्र लक्षात असू दे: रिकव्हरी नंबर बदलल्यावरही सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. आठवडा सरल्याशिवाय काम पक्कं झालं असं धरू नकोस.

याच यादीत बहुतेक घरांत एक गोष्ट सापडते. आईचा किंवा बाबांचा नवा फोन आला, कुणीतरी म्हणालं ‘तूच करून दे सगळं’, आणि घाईत त्या फोनवर तुझंच गूगल खातं टाकलं गेलं. कुणाचा वाईट हेतू नसतो. पण त्या दिवसापासून तुझे कॉन्टॅक्ट्स, फोटो, यूट्यूबवर पाहिलेलं आणि सिंक चालू असेल तर क्रोममधला इतिहास त्यांच्या फोनवर उमटत राहतो. दुपारी तू एखाद्या आजाराबद्दल शोधावंस आणि संध्याकाळी आईनं यूट्यूब उघडल्यावर तिला त्याच आजाराचे व्हिडिओ समोर यावेत, याचं कारण हे. कुणी तुझ्यावर पाळत ठेवतंय असं समजून भांडण काढण्याआधी ही एक जागा तपास.

ते खातं आईच्या फोनमधून झटकन काढू नकोस. तिनं दोन वर्षांत साठवलेले नंबर तुझ्या खात्यात आहेत, खातं काढलं की तिच्या फोनमधून भावकी, दूधवाला, डॉक्टर सगळे एकदम गायब होतील. आधी तिचं स्वतःचं खातं उघड. कॉन्टॅक्ट्सच्या ॲपमधून तिचे नंबर फाइलमध्ये निर्यात कर आणि नव्या खात्यात आयात कर. मग तिच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे कोणतं गूगल खातं लावलंय ते बघ. तुझं असेल तर बदल आणि लगेच एकदा बॅकअप घे. फोटोंचं तर फारच जपून. फोनमधली जागा मोकळी करण्याचं बटण कधी दाबलं गेलं असेल, तर तिचे जुने फोटो आता फक्त तुझ्या खात्यात आहेत. ते उतरवून तिच्या खात्यात चढव. एवढं झाल्यावरच तुझं खातं काढ. एक रविवार जाईल, जाऊ दे. आणि हेही कर: बाबांचा यूपीआय पिन तुला पाठ असेल, तर त्यांना तो बदलायला लाव आणि ते टाकत असताना तू दुसरीकडे बघ. त्यांनी तुझ्या फोनपासून लांब राहावं असं वाटत असेल, तर त्यांच्या फोनवरचा तुझा ताबाही सुटायला हवा.

व्हॉट्सॲपमध्ये पहिल्यांदा ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघ. एका खात्याला मूळ फोनशिवाय चार यंत्रं जोडता येतात. प्रोजेक्टच्या वेळी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर उघडलेलं व्हॉट्सॲप आजही तिथे चालू असू शकतं. तिथून लॉगआउट कर. चॅट लॉक वापरणार असशील तर त्याआधी फोनमध्ये कुणाकुणाची बोटं नोंदवलीत ते तपास, कारण लॉक केलेली चॅट फोनच्याच ठशानं उघडते. हात पिठात असताना फोन घ्यायला सोपं जावं म्हणून आईचं बोट कधीतरी घातलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. फोनच्या लॉकपेक्षा वेगळा असा गुप्त कोड तिथे ठेवता येतो, तो ठेव. गॅलरीचंही बघ. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद नसेल, तर मित्रांच्या ग्रुपवरचा प्रत्येक फोटो गॅलरीत येतो, आणि लग्नाचे फोटो दाखवायला मावशीच्या हातात फोन दिला की तोही सरकत सरकत समोर येतो. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन आल्याचं कळू दे, मजकूर दिसू देऊ नकोस. एवढ्यानंच घरातले निम्मे प्रश्न विचारले जायचे थांबतात.

पैशाच्या बाबतीत आधी तुझं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. शाळेत असताना पालकांसोबत उघडलेलं खातं अठरानंतर आपोआप तुझं एकट्याचं होत नाही. शाखेत जाऊन केवायसी, नवा फोटो, नव्या सहीचा नमुना आणि स्वतःचा मोबाइल नंबर द्यावा लागतो. खातं संयुक्त असेल तर दुसऱ्या खातेदाराला प्रत्येक नोंद दिसणार, त्यावर उपाय नाही. हवं तर स्वतःचं वेगळं खातं उघड. यूपीआयनं दिलेल्या पैशांच्या नोंदीत दुकानाचं नाव येतं, त्यामुळे पासबुक म्हणजे तुझ्या महिन्याची डायरीच. यूपीआय लाइटमध्ये एकदा रक्कम भरून ठेवली, तर पुढचे छोटे खर्च पासबुकात एकेक करून उमटत नाहीत, फक्त भरलेली रक्कम दिसते. बाबांनी तुला ‘यूपीआय सर्कल’मध्ये घेतलं असेल, तर पैसे त्यांच्या खात्यातून जातात आणि प्रत्येक खर्च त्यांना दिसतो. यात गैर काही नाही. पैसे त्यांचे असतील तर किती गेले हे विचारायचा हक्कही त्यांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्याचा हिशेब द्यायचा नाही, तो खर्च स्वतःच्या कमाईतून कर, मग ती शिकवणीची का असेना.

घरच्या वायफायबद्दल उगीच फार भीती बाळगू नकोस. हल्ली बहुतेक साइट्सची वाहतूक कूटबद्ध असते. राउटर ज्याच्या हातात आहे त्याला फार तर पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. म्हणजे कोणती साइट ते कळू शकतं, तिथे काय वाचलं ते नाही. इन्कॉग्निटोनं हा पत्ता लपत नाही, फक्त त्या यंत्रावर इतिहास उरत नाही. नाजूक शोध मोबाइल डेटावर कर, तेवढं पुरे. फुकट व्हीपीएन, म्हणजे तुझी वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमधून नेणारं ॲप, मात्र घालू नकोस, तिथे तुझी सगळी वाहतूक नको त्या माणसाच्या हातून जाते. घरचा लॅपटॉप सामायिक असेल, तर विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं, पासवर्ड असलेलं खातं घे. नुसती क्रोमची वेगळी प्रोफाइल पुरत नाही, तिच्यावर कुणीही क्लिक करू शकतं.

आरोग्याची बाजू बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, आणि उघडं पडल्यावर सगळ्यात जास्त तिथेच दुखतं. लॅबचा रिपोर्ट नोंदवलेल्या नंबरवर जातो. काउंटरवर ‘जुनाच नंबर आहे ना?’ असं विचारलं की आपण सवयीनं हो म्हणतो. तिथे थांब, नंबर बदलून घे, ईमेलही. बाबांच्या आरोग्य विम्यावर उपचार घेतलेस तर दाव्याची माहिती पॉलिसीधारकाला, म्हणजे बाबांना जाते. खाजगी ठेवायचं असेल तर तो खर्च विम्यावर टाकता येणार नाही, हे आधीच ठरव. मानसोपचारासाठी मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

हे सगळं घरच्यांच्या नकळत करायचं का? माझं मत असं, की घर प्रेमळ असेल तर सांगून कर. गुपचूप बदललेला पासवर्ड आई-बाबांना लपवाछपवी वाटतो, सांगून बदललेला वाटत नाही. त्यांच्या काळजीला काहीतरी हातात दे. कायमचं लोकेशन शेअरिंग बंद करताना म्हण, “आई, रात्री उशीर होणार असेल तेव्हा मी निघाल्यावर लोकेशन पाठवेन, घरी पोचेपर्यंत तू बघू शकतेस.” व्हॉट्सॲपवर थेट लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांसाठी देता येतं, मुदत संपली की आपोआप थांबतं. फोनच्या इमर्जन्सी माहितीत त्यांचे नंबर आणि तुझा रक्तगट भर. लॉक न उघडताही ते दिसतात, त्यामुळे ‘तुला काही झालं तर फोन कसा उघडायचा?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. बोलणं जेवणाच्या ताटावर काढू नकोस. आणि पहिल्या दिवशी सगळं मागू नकोस. आधी सिम आणि बँक, ही मोठं झाल्याची कामं म्हणून त्यांनाही पटतात.

घर तसं नसेल, म्हणजे फोन हिसकावला जात असेल, मारहाणीची किंवा मनाविरुद्ध लग्न लावण्याची भीती असेल, तर वरचा क्रम विसर. सगळे पासवर्ड एका रात्रीत बदलले की समोरच्याला लगेच कळतं, आणि धोका त्याच वेळी वाढतो. तुझ्या फोनवर नजर आहे असं वाटत असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ या दोन याद्या पाहा. अनोळखी नावाला तिथे परवानगी दिलेली दिसली, तर ते ॲप लगेच काढू नकोस. दुसऱ्या फोननं त्या पडद्याचा फोटो काढ आणि तो विश्वासातल्या माणसाकडे ठेव. फॅक्टरी रीसेट केलास तर हेरगिरीबरोबर पुरावाही पुसला जातो. मदतीसाठीचं बोलणं मैत्रिणीच्या किंवा कॉलेजच्या फोनवरून कर, नवं ईमेल खातं तिथेच उघड आणि ते तुझ्या फोनवर कधीच टाकू नकोस. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, आणि फसवणुकीच्या किंवा अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे. पण अशा घरात कायद्याचा उच्चार सुरक्षित जागी पोचल्यावरच कर. मुलींसाठी आणि महिलांसाठी 181, आणि जिवावर बेतलं तर कुणासाठीही 112. हे दोन नंबर फोनमध्ये साठवू नकोस, पाठ कर.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे असं समज. कागदावरची यादी झाली की कळव, आधारची ओळ आधी भर.

सप्रेम