सांताला दारातच अडवा

नाशिक, २२ डिसेंबर २०२०

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. सहा जण, नाताळची चक्रम पात्रं, संहिता नाही, सगळं आयत्या वेळी आणि प्रयोग येत्या शुक्रवारी! आधी तारीख बदल. पाठांतर नाही म्हणून तालीम कमी लागते, असं समजू नकोस. संहितेत लेखकाने आधीच सोडवून ठेवलेल्या अडचणी इथे सहा जणांना चालू प्रयोगात सोडवायच्या असतात.

५ जानेवारीला, मंगळवारी, रात्री नऊला ठेव. कालच सरकारने कोरोनामुळे महापालिका हद्दींत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी जाहीर केली, ती आजपासून ५ जानेवारीपर्यंत. इटलीत मुलांना खाऊ वाटणारी बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते, तीही ५ च्याच रात्री. संचारबंदीच्या शेवटच्या रात्री झाडू घेऊन दारोदार निघालेली बाई, आणि इकडे ‘बाहेरच्या कामवाल्या मावशींना प्रवेश नाही’ असा फलक लावलेली सोसायटी. हा प्रवेश तुम्हाला आयताच मिळाला.

नाट्यगृहं ५ नोव्हेंबरपासून निम्म्या आसनांवर उघडली आहेत, हे खरं. पण सहा जणांनी मास्क काढून एकमेकांच्या तोंडावर ओरडायचं असेल तर यंदा तो धोका घेऊ नका. झूमवरच करा.

आता मुद्द्याचं. तुझ्या यादीतली पात्रं गमतीदार आहेत, पण ती येऊन करणार काय, ते कुठेच नाही. विक्षिप्त पात्र नुसतं उभं राहिलं की पहिलं हसू वेशभूषेला मिळतं, दुसरं मिळत नाही. नाताळच्या पात्रांना मात्र एक समान काम आहे: ती जवळपास सगळी कुणाच्या तरी दारात येतात. आणि यंदाच्या सालात दारात आलेल्याला आत घ्यायचं नाही, हा एकच नियम लहानथोरांना पाठ आहे. तुझा सगळा प्रयोग त्या उंबरठ्यावर उभा कर.

हे तंत्र आपल्याकडे जुनंच आहे. तमाशातली गवळण आठव. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दान मागतात, मावशी मध्ये पडते, आणि अर्धा तास कुणी एक पाऊल पुढे जात नाही. पुढे बतावणीत सोंगाड्या समोरच्याचा शब्दच पकडून त्याला फिरवतो. तुमच्या प्रयोगात पेंद्या म्हणजे सोसायटीचा वॉचमन, नाक्यावरचा शिपाई, नाही तर ग्रुपवर रोज नियमावली टाकणारे अध्यक्ष. हे पात्र कधीही विक्षिप्त करू नका. प्रवेशात वेडेपणा एकाच बाजूला असावा. दोघेही वेडे झाले की कोण कुणावर चकित होणार?

इथे नवखी मंडळी हमखास एका खड्ड्यात पडतात. पात्राने अडवायचं असतं, नटाने नाही. समोरच्याने ‘मी सांता’ म्हटल्यावर तुझ्या वॉचमनने ‘तुम्ही सांता नाही, कुरिअरवाले आहात’ म्हटलं, की त्याने टाकलेली वीट तू काढून घेतलीस. प्रवेश तिथेच बसला. ‘सांता आहात म्हणूनच थांबवलंय, मागच्या वर्षीची सही राहिलीय’ म्हटलं की त्याचं सांतापण मान्य झालं, वर एक जुनं प्रकरण जन्माला आलं, आणि दार तरीही बंदच आहे. शिकागोच्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या खेळांपासून पुढे रुजलेलं ‘हो, आणि’ ते हेच. दारावर ‘नाही’, माहितीला ‘हो, आणि’. पहिल्या तालमीत एवढ्या एकाच गोष्टीवर पाऊण तास घाला.

सांता-वॉचमन प्रवेशाला सामान बातम्यांनीच पुरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मारिया व्हॅन कर्कोव्ह गेल्या आठवड्यात म्हणाल्या, सांताला या विषाणूची बाधा होत नाही, तो प्रतिकारक्षम आहे. मग शनिवारी अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ डॉ. फाउची मुलांना म्हणाले, मी स्वतः उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला लस टोचून आलो. इटलीच्या पंतप्रधानांनी तर एका मुलाला कळवलं की सांताकडे आंतरराष्ट्रीय स्वयंघोषणापत्र आहे. आता रजिस्टर घेऊन बसलेला माणूस काय विचारेल?

‘प्रतिकारशक्ती जन्मजात की लसीची? रकाना एकच आहे.’
‘दोन्ही.’
‘दोन्ही चालत नाही. तापमान दाखवा. हे ‘लो’ काय येतंय?’
‘उत्तर ध्रुव, उणे तीस.’
‘लो लिहिता येत नाही. तुम्ही थोडा वेळ उन्हात उभे राहा.’

बघ, वॉचमन एकही विनोद करत नाहीये. तो नोकरी करतोय. प्रवेश लंगडायला लागला तर दर्जा उलटवा. नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी हा खेळ फार बारकाईने मांडला आहे: दोघांपैकी एक वर, एक खाली, आणि गंमत त्या तराजूच्या हलण्यात. सांता रुबाबात येतो आणि शेवटी पायरीवर बसून वॉचमनच्या डब्यातली भाकरी खातो, इतपत उतार सहा मिनिटांत आरामात होतो. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास मात्र मध्ये आणू नका. राज्यात तो २ सप्टेंबरलाच बंद झाला. प्रेक्षकांतला कुणीतरी गप्पांच्या (चॅटच्या) खिडकीत ते लिहील आणि सगळे तिकडेच वाचत बसतील.

बाकीच्या पात्रांत माझी पसंती आइसलंडला. तिथे एक नाही, तेरा सांता आहेत, एका राक्षसिणीचे तेरा पोर, १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे गावात उतरणारे, आणि प्रत्येकाला एकच खोड. एक पळी चाटतो, एक खिडकीत डोकावतो, एक रात्री दारं आपटतो, एक दाराच्या फटीतून वास घेतो. एक पात्र, एक खोड! तुझ्या यादीतल्या पात्रांना तीन-तीन सवयी आहेत, दोन-दोन छाट. पळीचाट्याला सॅनिटायझरच्या जगात सोडलं तर त्याच्या धंद्यावरच गदा येते. दारहुंग्याचा वास गेला, हा विनोद सगळ्यांना पहिल्यांदा सुचेल. तो टाळा. ते आजाराचं लक्षण आहे, आणि ऐकणाऱ्याच्या घरात काय होऊन गेलंय ते तुम्हाला दिसत नाही.

त्याच घरात एक राक्षसी मांजर आहे. नाताळला ज्याच्या अंगावर नवं कापड नाही, त्याला ती खाते. ती झूमवर तपासणीला आली की काय होईल? वर नवा सदरा, खाली तीच मार्चपासूनची बर्मुडा. ‘जरा उभे राहता का?’ एवढ्या एका प्रश्नावर प्रवेश चालतो. कॅमेरा छातीपर्यंतच ठेवा आणि नटाला खरोखर जुनी चड्डी घालायला लावा. उभं राहणं जितकं लांबेल तितकं बरं.

कॅटलोनियात एक लाकडी ओंडका असतो, घोंगडी पांघरलेला. त्याला ८ डिसेंबरपासून खायला घालतात आणि नाताळच्या आदल्या रात्री काठीने बडवलं की तो मिठाई हगतो. तुला हा फार आवडलेला दिसतो. काढून टाक. तो घरातच असतो, कुणाच्या दारात येत नाही, आणि त्याच्यात एकच हशा आहे. वांड मुलांना छडीने बडवणारा शिंगवाला क्रॅम्पसही नको, लाठीवाल्या पोलिसाचे विनोद एप्रिलमध्येच संपले.

प्रवेशाची जागा ‘नाशिक’ अशी मोघम ठेवू नका. द्वारका चौक, सिडकोतली तीन मजली इमारत, कॉलेज रोडची बंद अभ्यासिका, असं काही म्हणा. निफाडकडची द्राक्षबाग तर सांतासाठीच बनलेली आहे. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात. सांताला वरून धूर दिसला, त्याने चिमणी समजून गाडी खाली घातली, आणि रेनडिअरची शिंगं मांडवाच्या तारेत अडकली. आता बागाईतदाराला दोनच गोष्टी कळायला हव्यात: तार किती तुटली आणि घड किती गळले. त्याला नाताळशी काही देणंघेणं नाही.

परक्या पात्रांची ओळख नटांनी संवादातून करून द्यायची नाही. ते मिनिटभर चरित्र सांगत बसतात. सूत्रधाराने एका वाक्यात उरकावं: ‘ही आइसलंडची मांजर. नवे कपडे नसतील तर खाते.’ झालं.

वेळ मोजून ठेव. फुकटच्या खात्यावर झूम ४० मिनिटांनी बंद पडतं. सूत्रधाराला ३, सहा-सहा मिनिटांचे चार प्रवेश म्हणजे २४, सवाल-जवाब ५, समारोप ३. एकूण ३५. उरलेली पाच मिनिटं उशिरा जोडणाऱ्यांना आणि एखाद्याचं नेट गेलं तर, म्हणून. प्रेक्षकांना शब्द मागताना ‘काहीही सांगा’ म्हटलंस तर ‘कोरोना’ येईल. नेमका प्रश्न हवा: ‘लॉकडाउनमध्ये घरात आणलेली आणि आता नको झालेली वस्तू?’ उत्तरं टंकून पोचायला पंधरा-वीस सेकंद जातात, म्हणून पुढच्या प्रवेशाचा प्रश्न चालू प्रवेश संपायच्या आधीच खिडकीत टाकायचा. उत्तर निवडायचं काम प्रवेशात नसलेल्या एकाकडे दे.

आवाज हा इथला खरा शत्रू. दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला फारसा खटकत नाही. त्यापुढे वाक्यं एकमेकांवर आदळतात, आणि नट दोघेही थांबतात, मग दोघेही पुन्हा सुरू करतात. म्हणून एका वेळी दोनच पात्रं, फार तर तीन. तीन असतील तर वाक्याच्या शेवटी पुढच्याचं नाव घ्यायचं: ‘...असं अध्यक्षांना विचारा, काय हो अध्यक्ष?’ एकत्र गाणं अजिबात नको, ताल धरताच येत नाही. वायरचे इअरफोन वापरा, ब्लूटूथ आणखी उशीर घालतं. झूम पार्श्वभूमीचे आवाज गाळतं, त्यात घुंगरू आणि टाळ्या आधी जातात. लॅपटॉपवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा आणि घुंगराचा आवाज समोरच्याला ऐकू येतोय ना, विचारून घ्या. काम नसलेल्यांनी कॅमेरा बंद ठेवायचा, आणि प्रेक्षकांना ‘व्हिडिओ नसलेले लपवा’ हा पर्याय सूत्रधाराने सुरुवातीलाच निवडायला लावायचा. मग कॅमेरा चालू होणं म्हणजेच विंगेतून येणं.

सांताची दाढी कापसाची असेल तर ती मास्कवर चिकटवू नका. तंतू नाकातोंडात जातात, शब्द दबतात. रुंद इलॅस्टिकवर कापूस दोऱ्याने टाचा आणि ते हनुवटीखालून कानामागे घ्या. इअरफोनचा माइक दाढीवर घासला की भट्टीसारखी घरघर येते. वायर खांद्यामागून घ्यायची. पांढरी भिंत पांढरी दाढी गिळते, आणि झूमची नकली पार्श्वभूमी कापसाचे कडेचे पुंजके पुसून टाकते, म्हणून मागे गडद निळी चादर टांगा. दिवा मोबाइलच्या मागे, चेहऱ्यासमोर. राउटर इन्व्हर्टरवर, आणि सूत्रधाराच्या मोबाइलमध्ये डेटा शिल्लक.

हशा ऐकू येत नाही म्हणून सगळे वेग वाढवतात आणि पंधरा मिनिटांत धापा टाकतात. ओळखीच्या आठ-दहा हसऱ्या माणसांचे माइक चालू ठेव, इअरफोनच्या अटीवर. त्यांच्या मागे कुकर नसावा.

सवाल-जवाबाला वेल्सची मारी लूईड घे. घोड्याची कवटी काठीवर, अंगावर पांढरी चादर, रंगीत फिती. ही दारात येऊन पद्यात प्रवेश मागते, घरचे पद्यातच नाकारतात, आणि घरचे अडखळले की तिला आत घेऊन खाऊपिऊ घालावं लागतं. आपल्याकडे तो उखाण्याच्या चालीत उत्तम बसेल. पाळीपाळीने बोलायचं असल्याने आवाजाच्या उशिराचाही त्रास नाही.

‘गोदाकाठी धुकं पडलं, पहाट झाली गार,
सहा फुटांवर उभी आहे, उघडा आता दार.’

‘कवटीला या नाकच नाही, मास्क कुठं राहणार?
अध्यक्ष आले पाहणीला तर दंड कोण भरणार?’

युक्ती अशी की दुसऱ्या ओळीचा शेवट आधी मनात धरायचा, मग पहिली ओळ बोलायला सुरुवात करायची. जोरदार यमक शेवटी, लटकं आधी. -आर, -आत, -ऊन अशा शेवटांना शब्द मुबलक आहेत. ‘ऑक्सिमीटर’वर ओळ संपवलीस तर समोरचा नाही, तूच अडकशील. अडखळलंच तर झाकू नका, खेळच तो आहे. घोड्याला आत घ्या आणि तिथूनच समारोपाकडे वळा. कवटी पुठ्ठ्याची, खालचा जबडा वेगळा कापून बिजागरीला दोन टाचण्या. खऱ्या हाडाच्या नादी लागू नकोस.

तीन गोष्टींना हात लावायचा नाही: मृत्यू आणि रुग्णालय, मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गाने चालत गेलेली माणसं, आणि येशू व मरिया. सांता, बेफाना, मांजर ही लोकांनी रचलेली पात्रं आहेत, त्यांच्याशी वाटेल ते खेळा. शरणपूरची मराठी ख्रिस्ती वस्ती दीडशेहून अधिक वर्षांची आहे. तिथल्या घरांतही नाताळला करंज्या होतात, आणि प्रयोग पाहायला तीच मंडळी बसणार आहेत. ‘ख्रिस्ती पात्र’ म्हणून कुणाला मोडकं मराठी बोलायला लावलंत तर पहिल्या मिनिटाला प्रेक्षक गमवाल.

तालमी चार, प्रत्येकी पन्नास मिनिटं, झूम मध्येच बंद पडलं की पुन्हा जोडायचं. पहिली ‘हो, आणि’ची. दुसरी दर्जा उलटवण्याची, यात प्रत्येकाने वॉचमन केलाच पाहिजे. तिसरी फक्त उखाण्यांची, पात्रं नाहीत, वेश नाही. चौथी पूर्ण वेशात, घड्याळ लावून, त्याच वेळी म्हणजे रात्री नऊला, कारण त्या वेळी इमारतीत सगळेच नेटवर असतात आणि खरी गती तेव्हाच कळते. तालमीत एखादा विनोद फार जमला तर तो प्रयोगात पुन्हा करायचा नाही, असं सगळ्यांना बजाव. करतातच, आणि दर वेळी पडतो.

बेफाना कोण करणार ते अजून ठरलेलं दिसत नाही. तुमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याला दे. तिने आल्या आल्या न विचारता पायऱ्या झाडायला घ्यायच्या, बोलणं अध्यक्षांवर सोडायचं.

चौथ्या तालमीची लिंक पाठव. हसणाऱ्यांच्या यादीत माझं नाव धर, माझ्याकडे वायरचे इअरफोन आहेत.

तुझा,
काका