गाणी वाजतात, मग फोन का बोलत नाही?

प्रश्न : आईला हल्ली कमी ऐकू येतं. फोन कानाला लावून भावाचं बोलणं तिला समजत नाही, म्हणून मी ब्लूटूथ स्पीकर आणला. गाणी खणखणीत वाजतात, पण भावाचा फोन आला की आवाज मोबाइलमधूनच येतो. स्पीकर परत करू का?

उत्तर : थांबा, परत करायची घाई नको. गाणी वाजतायत म्हणजे स्पीकर ठणठणीत आहे. फोन आणि स्पीकर यांच्यात आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. गाण्यांची वाट एकेरी, फोनकडून स्पीकरकडे. तिला एटूडीपी म्हणतात. कॉलची वाट दुहेरी, कारण बोलणं यायलाही हवं आणि जायलाही हवं, ती एचएफपी. ज्या स्पीकरला माइकच नाही, त्यात बहुतेक वेळा ही दुसरी वाट नसते. तेव्हा आधी स्पीकर उजेडात धरा. बटणांच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा रिसीव्हरचं चित्र दिसतंय का बघा.

दिसलं, तर अडचण सेटिंगची असण्याची शक्यता मोठी. अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथच्या यादीत स्पीकरच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. तिथे कॉल आणि मीडिया यांची वेगळी बटणं असतात. कॉलचं बंद असेल तर चालू करा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, मग टच, मग कॉल ऑडिओ राउटिंग असं जा आणि ब्लूटूथ हेडसेट निवडा. एवढ्यानेही जमलं नाही, तर कॉल चालू असतानाच पडद्यावरच्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा. जोडलेल्या वस्तूंची यादी उघडते, त्यातून आपला स्पीकर निवडायचा.

आता आईसाठी एक महत्त्वाचं. कॉल स्पीकरवर गेला की ऐकण्याचं काम बहुधा स्पीकरचा माइक करतो, फोनचा नाही. आई सवयीने फोन तोंडाशी धरून बोलेल आणि भावाला काही ऐकू जाणार नाही. म्हणून स्पीकर तिच्या हाताच्या अंतरावर ठेवा, फोन बाजूला. आवाजही कॉल चालू असताना वाढवा, कारण गाण्यांचा आवाज वेगळा आणि कॉलचा वेगळा. आणि गाण्यांइतका गोड आवाज येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. गाण्यात आवाजाचे सेकंदाला बहुधा 44,100 नमुने, म्हणजे मोजमापं, असतात. कॉलच्या वाटेवर जुन्या पद्धतीत 8,000, त्यानंतरच्या पद्धतीत 16,000. आवाज दबका वाटला तरी तो बिघाड नव्हे.

स्पीकरला माइक नसेलच, तर कॉलपुरता फोनचाच लाउडस्पीकर चालू करून फोन आईजवळ ठेवा. स्पीकर गाण्यांना राहू द्या.

प्रश्न : फोनवर समोरचे म्हणतात, तुझा आवाज विहिरीतून येतोय. दुरुस्तीवाल्याने फोनच्या आतला बोर्ड बदलायला सांगितलंय.

उत्तर : बोर्डाला हात लावण्याआधी दहा मिनिटं काढा. व्हॉइस रेकॉर्डरवर चार वाक्यं बोलून ऐका. मग लाउडस्पीकर लावून कोणालातरी फोन करा. फोनला एकाहून जास्त माइक असतात, आणि लाउडस्पीकरवर काही फोन वेगळा माइक वापरतात. तिथे आवाज स्वच्छ गेला, तर खालचा माइक झाकला गेलाय असं समजून शोधायला लागा.

माझ्याकडे एक ताई अशाच तक्रारीने आल्या होत्या. फोन उघडण्याआधी मी त्यांना म्हटलं, नेहमीसारखं बोलून दाखवा. त्यांनी फोन उचलला, आधाराला करंगळी फोनच्या खालच्या कडेशी टेकवली आणि माइकचं भोक बरोबर त्या करंगळीखाली गेलं! मोठा फोन एका हाताने पेलायचा म्हणजे असं होतंच, त्यात त्यांचा काय दोष? करंगळी हलली, आवाज मोकळा झाला. नाहक खर्च वाचला याचा मला आजही आनंद वाटतो.

तेव्हा बोटं कुठे टेकतात ते आरशात बघा. कव्हर काढून एक कॉल करा. कव्हरचं भोक केसभर सरकलेलं असलं तरी माइक झाकायला पुरतं. वरच्या कडेचा माइकही मोकळा ठेवा, कारण भोवतालचा गोंगाट ऐकून तो तुमच्या बोलण्यातून वजा करायचं काम त्याच्याकडे असतं. धूळ काढायला मऊ, कोरडा टूथब्रश घ्या. सुई किंवा सिमचा कप्पा उघडायची पिन आत घालू नका, कळकळीने सांगते. आतला पडदा अतिशय नाजूक असतो, आणि पिन घातल्यावर मात्र माइक खरंच बदलावा लागू शकतो.

प्रश्न : फोन मागच्या खिशात ठेवला की स्पीकर तुटक वाजतो.

उत्तर : ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आणि शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. तुम्ही स्वतःच मध्ये उभे राहता. फोन टेबलावर ठेवा. वायफायचा राउटर आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतात, त्यांच्यापासून स्पीकर लांब न्या.

प्रश्न : स्पीकर सुरू केला की मुलाच्या फोनला जाऊन चिकटतो.

उत्तर : स्पीकर जुनी जोडी लक्षात ठेवतो. मुलाच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून स्पीकर काढून टाका. मग दिवा भराभर लुकलुकेपर्यंत स्पीकरचं पेअरिंगचं बटण दाबून धरा आणि तुमचा फोन जोडा. मुलगा घरी नसताना करू नका, त्याचा फोन हाताशी लागेल.