‘जंपिंग चिकन’ आणि बेडकाची ‘शिकार’

प्रश्न दोन आहेत. गोव्यात पावसाळ्यात ऐकू येणारं ‘जंपिंग चिकन’ म्हणजे काय? आणि बेडूक धरणाऱ्यावर ‘शिकारी’चा गुन्हा कसा लागतो, शिकार तर वाघ-डुकराची असते ना?

पहिल्याचं उत्तर : बेडकाचं मांस, मुख्यतः मागच्या तंगड्या. कोकणीत बेडकाला बेबो म्हणतात. शेतं पहिल्या पावसात तुंबली की मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याजवळच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. एरवी मातीत दडलेला हा प्राणी मादीला बोलवायला उघड्यावर येतो, आणि माणसालाही तेव्हाच सापडतो. बॅटरीचा झोत पडला की बहुधा जागचा हलत नाही. उचलायचा, पोत्यात टाकायचा. अंडी घालायच्या आधीच पोतं भरतं, खरं नुकसान तिथे आहे.

हे नाव कायद्याला चुकवण्यासाठीच जन्मलं असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. बेडकाला कोंबडी म्हणणं गोव्यापुरतं नाही. चिनी भाषेत खायच्या बेडकाला थ्येन-ची, म्हणजे ‘शेतातली कोंबडी’ म्हणतात. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर एका भल्यामोठ्या बेडकाचं रूढ नावच ‘माउंटन चिकन’ आहे. (तो इतका खाल्ला गेला आणि वर बुरशीच्या रोगाने इतका मेला, की आता त्याच्या शिकारीवर बंदी आहे.) यात लपवाछपवी नाही, मांस कोंबडीसारखं लागतं एवढंच. गोव्याचं नावही मुळात थट्टेचं असावं. बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणावं, त्यातलाच प्रकार. पण हे मांस विकणं बेकायदा असल्यामुळे थट्टेचं नाव आयतंच आडपडदा म्हणून कामी आलं. त्यामुळे कोशात नोंद करायची झाल्यास अर्थासोबत ‘सांकेतिक’ असा शेरा हवाच.

आता शिकार. बोलण्यात कोणी ‘बेडकाच्या शिकारीला’ जात नाही, ‘बेडूक धरायला’ जातो, जसे कोकणात वळगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्या-शेतांत चढून येणारे, मासे धरायला जातात. शिकार म्हटलं की बंदूक आणि मचाण आठवतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली व्याख्या मात्र खूप रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, हाका घालून पिटाळणं, आमिष दाखवणं, यातलं काहीही करायचा प्रयत्न, एवढंच नव्हे तर पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, हे सगळं ‘शिकार’. तेव्हा ‘मारलं नाही हो, नुसतं धरलं’ हा बचाव टिकत नाही. शिवाय शिकार झालेला प्राणी आणि त्याचं मांस सरकारच्या मालकीचं ठरतं, म्हणजे ताटातली ती तंगडी कागदोपत्री सरकारी मालमत्ता!

तंगड्यांची निर्यात एकेकाळी आपल्याकडून जोरात चाले. शेतातले किडे खाणारे बेडूक कमी होऊन कीटकनाशकांचा खर्च वाढतोय हे दिसल्यावर १९८७ मध्ये ती बंद झाली.

बातम्यांमधल्या वापराबद्दल एक सांगतो. ‘बेडकांची शिकार करताना अटक’ हे कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. ‘बेडूक तस्कर’ हा शब्द मात्र विकायला पोती भरणाऱ्यासाठी राखावा. घरच्या कालवणासाठी चार बेडूक धरणारा गुन्हेगार असेल, पण तस्कर नव्हे.