वारा सुटला की कुंपणाचा भोंगा का वाजतो?

प्रश्न : चिपळूणजवळच्या आमच्या गोदामाला तारेच्या जाळीचे कुंपण असून त्यावर गेल्या वर्षी ऑप्टिकल फायबरची सेन्सर केबल बसवली. पावसाळ्यात वारा सुटला की रात्रभर भोंगा वाजत राहतो आणि शेवटी वॉचमन तो बंदच करून टाकतो. सेन्सर सदोष आहे असे समजावे का? त्याऐवजी इन्फ्रारेड किरणांचे सेन्सर बसवावेत का?
– एक वाचक

उत्तर : सेन्सरला दोष देण्यापूर्वी कुंपण तपासावे. या केबलमधील काचेच्या तंतूतून लेसरचा प्रकाश सतत जात असतो. जाळी हलली की तंतूवर सूक्ष्म ताण येतो आणि त्यामुळे प्रकाशात पडलेला फरक यंत्र टिपते. जाळी कापताना तुटक, तीव्र ठोके उमटतात, माणूस चढताना काही सेकंद चालणारे जड हिसके बसतात, तर वारा एकाच वेळी लांबलचक पट्टा हलवतो, आणि खरा-खोटा इशारा ओळखताना यंत्राची सारी भिस्त याच फरकावर असते. परंतु सैल जाळी वाऱ्याने खांबावर आपटू लागली, की तो ठोका कटरच्या ठोक्यासारखाच भासतो.

म्हणून आधी जाळीचा ताण वाढवून घ्यावा आणि पावसात फोफावलेले वेल व टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. केबल बांधलेले प्लास्टिकचे टाय हाताने ओढून पाहावेत. साधे पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात आणि केबल लोंबू लागते, त्यामुळे उन्हात टिकणारे काळे टाय वापरावेत. ‘प्रवेश निषिद्ध’ची पत्र्याची पाटी एकाच तारेवर लटकत असेल, तर चोराआधी तीच भोंगा वाजवील!

एवढे करूनही त्रास राहिला, तर बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून संवेदनक्षमता बदलून घ्यावी, पण सरसकट नव्हे, कारण ती फार उतरवली तर वाऱ्याबरोबर चढणारा माणूसही सुटतो. काही यंत्रणांना वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण जोडता येते आणि वेगानुसार इशाऱ्याची मर्यादा आपोआप बदलते. तुमच्या यंत्रात ही सोय आहे का, ते विचारावे. प्रत्येक बदलानंतर ठिकठिकाणी जाळीवर शिडी टेकवून, माणूस चढवून चाचणी घ्यावी.

इन्फ्रारेड सेन्सरला दोन खांबांमध्ये सरळ, मोकळी दृष्टिरेषा लागते. दाट धुके, मुसळधार पाऊस, वाढलेले गवत किंवा आडवे गेलेले कुत्रेही त्याला फसवते, तेव्हा कोकणात केवळ त्याच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. फाटकापाशी, जिथे केबल खंडित होते, तिथे मात्र तो जरूर बसवावा.