गतिरोधक मागण्याआधी नकाशा मांडा

प्रश्न : शहराच्या रस्ता सुरक्षा आराखड्यासाठी आम्ही काही रहिवासी प्रभागात सूचना गोळा करतो आहोत. बैठकीत जो तो आपल्या गल्लीसाठी गतिरोधकच मागतो. यातून आराखडा उभा कसा करायचा? (एक वाचक, धुळे)

उत्तर : "काय हवं?" असं विचारलं की गतिरोधकच येणार. "कुठे काळजात धस्स होतं, किती वाजता, कशामुळे?" असं विचारा. शहराचा मोठा नकाशा टेबलावर पसरा. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली तिथे लाल टिकली, थोडक्यात वाचले तिथे पिवळी. प्रत्येक टिकलीला क्रमांक द्या आणि वहीत वेळ, वाहन, दिशा लिहा. पिवळ्या टिकल्या जपा, कारण ती माहिती पोलिसांच्या नोंदीत कधीच येत नाही. संध्याकाळच्या एकाच बैठकीवर भागवू नका. बायांची बैठक दुपारी वेगळी घ्या. शाळकरी मुलं, रिक्षावाले, हातगाडीवाले, 108 रुग्णवाहिकेचे चालक यांच्याकडे स्वतः जा. अहिराणीत बोलू द्या. माणूस आपल्या बोलीत बोलला की नेमकी जागा सांगतो.

मग पोलिसांकडची मागच्या तीन वर्षांची माहिती त्याच नकाशावर चढवा. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात किंवा 10 मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे प्रत्येक टिकलीपुढे रस्ता कोणाचा हे लिहाच : महापालिका, सार्वजनिक बांधकाम की महामार्ग प्राधिकरण. इथे चूक झाली की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर महिनोन्‌महिने फिरतो.

रस्त्यावरच्या वर्दळीची मोजणी बाजाराच्या दिवशी एकदा, साध्या दिवशी एकदा. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी, 15-15 मिनिटांच्या नोंदीत. मे महिन्यात मोजू नका. शाळा बंद, उन्हानं रस्ते ओस. आकडे फसवे येतात. कापसाच्या हंगामात अंधार पडल्यावरची एक मोजणी वेगळी करा, मागे लाल परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या तेव्हाच दिसतात.

आता उपाय. 12 मीटर रुंद रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला 10 सेकंदांत पार होतो, 0.8 मीटरने चालणाऱ्या आजींना 15 सेकंद लागतात. सिग्नल आजींच्या चालीनं लावा. गतिरोधक खरंच हवा असेल तर गोलाकार, 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरने ओलांडता येईल असा. आधी 40 मीटरवर फलक आणि वर पांढरे पट्टे. रातोरात टाकलेला अरुंद, उभा उंचवटा मागे बसलेल्या बाईला उडवतो, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल करतो. महामार्गावर तर तो उपाय नव्हेच.

चौकाचा कोपरा अरुंद करायचा असेल तर आधी ड्रम मांडून चार आठवडे पाहा, त्याच वेळांना पुन्हा मोजा. मग पक्कं बांधकाम. अंदाजपत्रक एप्रिलच्या आधी ठरतं, म्हणून यादी डिसेंबरपर्यंत महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. यादीत पाचच जागा, पण प्रत्येकीचा फोटो आणि मोजणी जोडलेली.

प्रश्न : रस्ता नवा झाला, तरी कडेला दुचाक्या घसरतात. हे आराखड्यात बसतं का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : बसलंच पाहिजे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि साइडपट्टी खचते. वर डांबराचा नवा थर चढतो, मुरूम मात्र तेवढाच राहतो. डांबर आणि मुरूम यांच्यात पडलेली ही पायरी मोजपट्टीनं मोजा. 5 सेंटिमीटरच्या पुढे गेली की परत रस्त्यावर चढताना चाक कडेला घासतं नि गाडी आडवी होते. मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरात टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्यावा, उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. नुसता मुरूम ओतला तर पहिल्याच पावसात वाहून जातो. पाहणी दोनदा करा, मेअखेर आणि दिवाळीआधी.