वाचक विचारतात : रूळ तोडायचे की इंजिने?

या वेळी बहुतेक पत्रे ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणक-खेळाबद्दल आहेत, एक-दोन घरी केलेल्या पटावरच्या खेळाबद्दल. आकडे त्या खेळाच्या ‘नो स्टेप बॅक’ या विस्तारानंतरच्या रसदपद्धतीचे आहेत. मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) लावून खेळत असाल तर ते जुळणार नाहीत.

प्रश्न : जर्मनी घेऊन खेळतो. १९४१च्या जूनमध्ये रशियात घुसलो की स्मोलेन्स्कच्या आसपास रसद आटते. तिथे नवा सप्लाय हब (रसद वाटणारे केंद्र) बांधायला घेतला, पंधरा कारखाने लावले, तरी काम हलत नाही. (महाल, नागपूर)

काम हलतेय, तुम्हाला ते दिसेपर्यंत युद्धाचा निकाल लागतो एवढेच. हबला २०,००० एकक बांधकाम लागते. एक नागरी कारखाना दिवसाला ५ एकक देतो आणि एका कामावर १५ पेक्षा जास्त कारखाने लागत नाहीत. दिवसाला ७५ धरले तर २६७ दिवस. २२ जूनला पाया घातला तर हब मार्चमध्ये मिळेल. त्या राज्याची पायाभूत सुविधा पातळी ३ असेल तर वेग ६० टक्क्यांनी वाढतो (पातळीमागे २० टक्के), तरी डिसेंबर उजाडतोच. यात कायदे आणि सल्लागारांचे बोनस धरलेले नाहीत.

हब विसरा, आधी रूळ बघा. हबला मिळणारी रसद राजधानीपासून त्याच्यापर्यंतच्या मार्गावरच्या सगळ्यात कमकुवत तुकड्यावर ठरते. बर्लिनपासून पातळी ४ ची रेल्वे असली आणि मध्ये एकच प्रांत पातळी १ चा असला, तर हबच्या वाट्याला पातळी १ च. वर्धा रोड कितीही रुंद असो, पुढे एका ठिकाणी खोदकाम निघाले की गाड्या तिथपर्यंत तुंबतातच. रसदेचा नकाशा उघडा, अडलेल्या हबवर क्लिक करा, मार्ग शेवटपर्यंत डोळ्यांनी तपासा आणि फक्त तो अडलेला तुकडा वाढवा. सगळी लाइन पातळी ५ करत बसणारे खेळाडू कारखाने जाळतात.

शत्रूकडून घेतलेल्या प्रांतातली रेल्वे काही दिवस बंदच राहते, हेही ध्यानात ठेवा. खेळात ते रूळ बदलण्याचे दिवस असतात. सोव्हिएत गेज (दोन रुळांमधले अंतर) तेव्हा १५२४ मिलिमीटर होता, जर्मन १४३५. फरक ८९ मिलिमीटरचा. रुळांखालचे स्लीपर लाकडी असल्याने एक रूळ आत ओढून ठोकला की झाले. आपल्याकडे नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा ७६२ वरून १६७६ वर जायचे होते. तिथे रूळ सरकवून भागण्यासारखे नव्हते, मार्गच नव्याने करावा लागला. जर्मनांना खरा त्रास दिला तो पाण्याने. सोव्हिएत इंजिने मोठी, त्यांची पाणी भरायची ठिकाणे लांब-लांब. जर्मन इंजिनांना तेवढा पल्ला झेपत नव्हता. खेळ हे दाखवत नाही, पण तुमची घाई मात्र त्याच जागी अडकते.

प्रश्न : शत्रूची रसद तोडायला लॉजिस्टिक्स स्ट्राइक (रसदेवरच्या हवाई हल्ल्यांची मोहीम) लावतो. नकाशावर रूळ जवळपास तसेच दिसतात. मोहीम फुकट जाते का? (सदर)

तुम्ही चुकीच्या जागी बघताय. ही मोहीम प्रामुख्याने आगगाड्या आणि ट्रक मारते. रूळ आणि रस्त्यांना बसते ती त्यातून सांडलेली थोडीशी झळ. परिणाम शत्रूच्या साठ्यात शोधा. गाड्या कमी पडू लागल्या की रूळ शाबूत असूनही माल येत नाही, आणि रुळांपेक्षा गाड्या भरून काढणे त्याला जड जाते, कारण त्यासाठी लष्करी कारखाने अडकतात.

तरीही काहीच होत नसेल तर तीन गोष्टी तपासा. हवेत वरचष्मा नसताना क्लोज एअर सपोर्टची (जमिनीवर मारा करणारी) विमाने पाठवली तर तीच पडतात, आधी लढाऊ विमाने लावा. तुमचा तळ लांब असेल तर विमानांचा पल्ला त्या हवाई विभागाचा थोडाच भाग झाकतो, आणि तितकेच काम होते. शत्रूकडे चिलखती आगगाड्या असतील तर नुकसान कमी होते. चढाईच्या दिवशी ही मोहीम सुरू करणे हा तर निव्वळ वाया खर्च. ती आधीपासून चालू हवी.

हाच मार तुमच्यावर पडत असेल तर स्वस्त युद्धकालीन आगगाड्यांची एक उत्पादन-ओळ कायम चालू ठेवा. तुटलेल्या रुळांची दुरुस्ती बांधकामाच्या यादीत आपोआप येते, पण ती यादीत खाली दबलेली नाही ना, ते बघा. वर चार नवे कारखाने बांधायला टाकून ठेवले आणि दुरुस्तीला नागरी कारखानाच उरला नाही, अशी पत्रे दर महिन्याला येतात.

१९४४च्या वसंतात, फ्रान्समध्ये उतरण्याआधी, मित्रराष्ट्रांमध्ये हाच वाद रंगला होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ-सल्लागार सॉली झुकरमन यांचा आग्रह मार्शलिंग यार्ड (डबे जोडून गाड्या लावण्याची ठिकाणे) आणि दुरुस्तीच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकण्याचा होता, दुसऱ्या बाजूला पूल पाडा म्हणणारे होते. ७ मे रोजी अमेरिकन पी-४७ विमानांनी सीन नदीवरचा व्हर्नोनचा पूल पाडला. त्यानंतर पुलांवरचा जोर वाढला. यार्डातले खड्डे बुजवून मुख्य मार्ग लवकर चालू होतो. नदीत पडलेला गर्डर तसा उचलता येत नाही.

प्रश्न : कॉलेजात पटावरचा खेळ करतोय. पूल उडवणे आणि पुन्हा बांधणे याचे नियम हवेत. (धरमपेठ)

उडवणे कधीच हमखास ठेवू नका. ७ मार्च १९४५ ला ऱ्हाइनवरच्या रेमागेन पुलाखाली जर्मनांनी सुरुंग पेरलेले होते, तरी स्फोटानंतर पूल उभाच राहिला आणि अमेरिकन पलीकडे गेले. दोन फासे टाका: बेरीज ८ किंवा जास्त आली तर पूल पडला. ही शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. इंजिनिअर तुकडी पुलाशी लागून असेल तर बेरजेत २ मिळवा, मग ती ७२ टक्के होते. नापास झालेला पूल ‘जखमी’ म्हणून वेगळा मोजा: त्यावरून पायदळ जाऊ द्या, रणगाडे नकोत. रेमागेनचा पूल दहा दिवसांनी, १७ मार्चला, आपोआप कोसळला. पण तोवर शेजारी तरंगते पूल उभे झाले होते. म्हणून जखमी पुलासाठी दर फेरीला एक फासा टाकायला लावा, १ आला की कोसळला.

पुनर्बांधणीला वेळेसोबत सामानही मोजा, नाहीतर खेळाडू हवेतून पूल काढतात. बेली पुलाचे (सुट्या भागांतून जोडायच्या लष्करी पुलाचे) पॅनेल १० फूट लांब, ५७० पौंडांचे, म्हणजे साधारण २५९ किलोचे, आणि सहा माणसांनी उचलण्याजोगे असते. १०० फुटांच्या पुलाला दोन्ही बाजूंना दुहेरी रांग लावायची तर ४० पॅनेल. फक्त त्यांचेच वजन दहा टनांच्या पुढे जाते; आडव्या तुळया आणि फळ्या वेगळ्या. तीन टनी ट्रकच्या चार सोंगट्या पुलापाशी पोचल्याशिवाय बांधकामाची पहिली फेरी सुरूच होऊ देऊ नका.

रेल्वेपूल मुळीच होत नाही असे मात्र करू नका. १८६२ साली, अमेरिकन यादवी युद्धात, उत्तरेच्या रेल्वे-इंजिनिअर हर्मन हॉप्टने पोटोमॅक क्रीकवर ४०० फूट लांबीचा लाकडी पूल बहुतांशी अननुभवी सैनिकांकडून नऊ दिवसांत उभा केला. एक फेरी तीन दिवसांची असेल तर तीन फेऱ्या. अट एवढीच की लागूनच्या घरात जंगल हवे.

प्रश्न : माघार घेताना रूळ उखडले तर किती फेऱ्या मिळतात? (सीताबर्डी)

नुसते उखडले तर एक. सरळ रूळ शेजारीच पडला असेल तर तो परत ठोकतात. त्याच युद्धात उत्तरेच्या जनरल शर्मनच्या सैनिकांनी स्लीपरच्या होळीवर रुळाचा मधला भाग लाल केला आणि झाडाला गुंडाळला. नुसता वाकवलेला रूळ सरळ करता येतो म्हणून पीळ देण्याचेही हुकूम होते. त्यासाठी तुकडी एक पूर्ण फेरी जागेवर थांबली तर दुरुस्तीला नवे रूळ लागतात असे धरा. पाठलाग मागे चिकटला असेल तर ही चैन परवडत नाही.